उपयोग-प्रसंग : संगणकास काम सांगावें कसें ?

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत पुढें संगणकशास्त्राचा अभ्यास करावयाचें आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. कित्येकांस असें वाटतें कीं, त्या विद्येंत गणिताचें काम फार व भाषेचें थोडें. म्हणून मराठीच्या तासास त्यांचें लक्ष खिडकीबाहेर असतें. हा समज किती अपुरा आहे हें दाखविण्याकरितां यंदाच्या अंकांत आम्ही अशा एका विषयाची ओळख करून देणार आहों कीं, ज्यांत व्याकरण, निबंध व संगणक हीं तिन्ही एका ठिकाणीं येऊन मिळतात. त्या विषयास इंग्रजींत 'यूज केस' असें नांव आहे. आम्ही त्यास 'उपयोग-प्रसंग' असें म्हणूं.

घर बांधावयाचें झालें म्हणजे मालक आपली इच्छा गवंड्यास सांगतो. गवंड्यानें अनेक घरें बांधलेलीं असतात. मालक दाराची उंची सांगावयास विसरला तरी मनुष्य वांकल्यावांचून आंत जाईल एवढें दार तो ठेवितोच. संगणकाचें तसें नाहीं. त्यास जेवढें सांगितलें तेवढेंच तो करितो. जें सांगावयाचें राहिलें तें तो करीत नाहीं. आणि जें चुकीचें सांगितलें तें तो अगदीं बिनचूक करितो! शिवाय ज्यास काम हवें असतें तो एक, आणि प्रोग्राम लिहिणारा दुसरा. पहिल्यास संगणकाची भाषा येत नाहीं व दुसऱ्यास पहिल्याचा व्यवसाय ठाऊक नसतो. या दोघांच्या मध्यें एक कागद असतो, आणि पुढील सर्व कामाचें यशापयश त्या कागदावर अवलंबून असतें. हा कागद नीट लिहिण्याची एक पद्धति म्हणजेच उपयोग-प्रसंग होय.

त्याची व्याख्या आम्ही अशी करितों : कोणी एक मनुष्य कांहीं एक हेतु मनांत धरून यंत्रणेकडे येतो, तो हेतु सिद्धीस जाईपर्यंत अथवा फसेपर्यंत त्या दोघांमध्यें जें जें घडतें, त्याचें साध्या भाषेंतील क्रमवार वर्णन म्हणजे उपयोग-प्रसंग.

या पद्धतीचा उगम स्वीडन देशांत झाला. इव्हार जेकबसन नांवाचे अभियंते एरिक्सन या टेलिफोनची यंत्रसामुग्री बनविणाऱ्या कंपनींत काम करीत होते. टेलिफोनचें एक्सचेंज म्हणजे हजारों भागांचें जंजाळ. त्याचें वर्णन भागांच्या यादीनें करूं गेलें तर मनुष्य त्यांतच हरवावयाचा. परंतु तेंच एका संभाषणाच्या गोष्टीच्या रूपानें सांगितलें तर सर्व कांहीं उलगडतें. एक मनुष्य रिसीव्हर उचलतो, यंत्र त्यास नाद ऐकवितें, तो क्रमांक फिरवितो, पलीकडे घंटा वाजते, कोणी उत्तर देतो, बोलणें होतें, दोघे रिसीव्हर ठेवितात. ही झाली सरळ वाट. आतां पलीकडील मनुष्य दुसऱ्याशीं बोलत असला तर ? घंटा वाजत राहिली व कोणी आलेंच नाहीं तर ? अर्धा क्रमांक फिरवून पहिल्यानें रिसीव्हर ठेवून दिला तर ? या झाल्या आडवाटा. सरळ वाट व तिला फुटणाऱ्या आडवाटा मिळून एक प्रसंग पुरा होतो. जेकबसन यांनीं ही कल्पना १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सहकाऱ्यांसह सविस्तर मांडिली. पुढें १९९७ सालीं 'यूएमएल' ही संगणक-रचनेची चित्रलिपि अधिकृत ठरविण्यांत आली, तिच्यांतहि या कल्पनेस स्थान मिळालें. त्या लिपींत काड्यांचा एक माणूस काढून त्याच्यापासून एका अंडाकृतीपर्यंत रेघ ओढितात, व अंडाकृतींत प्रसंगाचें नांव लिहितात. विद्यार्थ्यांस हें चित्र फार आवडतें, आणि चित्र काढिलें म्हणजे काम झालें असें त्यांस वाटतें. परंतु चित्र ही केवळ अनुक्रमणिका आहे. पुस्तक अद्यापि लिहावयाचेंच असतें. अलिस्टर कोबर्न या लेखकानें चालू शतकाच्या आरंभीं याच विषयावर जें पुस्तक लिहिलें, त्याचा सगळा भर चित्रावर नसून लेखनावर आहे.

आतां आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळूं. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाची वही जाऊन तेथें संगणक यावा, अशी इच्छा झाली तेव्हां आपल्याच एका माजी विद्यार्थ्यानें प्रोग्राम करून देण्याचें मनावर घेतलें. "सर, काय हवें तें लिहून द्या," असें तो म्हणाला. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें पांच वाक्यें लिहून दिलीं. तीं अशीं : 'प्रोग्राम सुटसुटीत व जलद असावा. पुस्तकांची नोंद केली जावी. उशीर झाल्यास दंड आकारला जावा. दंड बाकी असल्यास पुस्तक दिलें जाऊं नये. सर्व माहिती सुरक्षित असावी.' भाषेंत एकहि अशुद्ध शब्द नव्हता. त्या पांच वाक्यांवरून प्रोग्राम तयारहि झाला. त्याचें फळ काय झालें तें शेवटीं सांगूं. प्रथम त्या वाक्यांचे दोष पाहूं, म्हणजे नियम आपोआप कळतील.

पहिला नियम : एका प्रसंगांत एका माणसाचा एकच हेतु असावा, व तो बेताचा असावा. 'ग्रंथालय चालविणें' हा हेतु फार मोठा. तो वर्षभर पुरा व्हावयाचा नाहीं. 'विद्यार्थ्याचा क्रमांक भरणें' हा फार लहान. तेवढ्याकरितां कोणी ग्रंथालयांत येत नाहीं. 'पुस्तक घरीं नेणें' हा योग्य. याची कसोटी सोपी आहे. एवढें काम झाल्यावर तो मनुष्य समाधानानें उठून जाईल काय, असें विचारावें. 'होय' असें उत्तर आलें कीं हेतूचें माप बरोबर आहे असें समजावें. आमच्या पांच वाक्यांत कोणाचाच हेतु नव्हता; होत्या त्या नुसत्या आज्ञा.

दुसरा नियम : प्रत्येक वाक्यांत कर्ता असावा. 'पुस्तकांची नोंद केली जावी' ! कोणीं करावी ? ग्रंथपालानें, विद्यार्थ्यानें कीं संगणकानें ? व्याकरणाच्या तासास कर्तरि व कर्मणि प्रयोग शिकवितांना "सर, याचा पुढें उपयोग काय ?" असें विचारणारे विद्यार्थी दरवर्षीं भेटतात. उपयोग हा पहा. 'केलें जावें', 'घेतलें जावें' अशा वाक्यांत कर्ता पडद्याआड जातो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीहि पडद्याआड जाते. म्हणून उपयोग-प्रसंगाच्या पायऱ्या सदैव कर्तरि प्रयोगांत लिहाव्या : 'ग्रंथपाल क्रमांक सांगतो', 'संगणक नांव दाखवितो'. चेंडू या क्षणीं कोणाच्या हातांत आहे, हें प्रत्येक वाक्यावरून वाचकास कळलें पाहिजे.

तिसरा नियम : मनुष्य काय साधूं पाहतो तें लिहावें, हात कोठें ठेवितो तें लिहूं नये. 'ग्रंथपाल उजव्या कोपऱ्यांतील निळें बटन दाबतो' असें लिहिलें, आणि उद्यां तें बटन हिरवें झालें अथवा बटनाच्या जागीं बोलून काम सांगण्याची सोय आली, तर सारा कागद खोटा पडतो. 'ग्रंथपाल पुस्तक परत आल्याचें कळवितो' हें वाक्य मात्र बटनें बदललीं तरी खरेंच राहतें. तसेंच पायऱ्यांची संख्या तीनांहून कमी व नवांहून अधिक सहसा नसावी. त्याहून वाढली तर आपण फार खालच्या पातळीवर उतरलों असें समजावें.

चौथा नियम : मोजतां येत नाहीं तें विशेषण लिहूं नये. 'जलद' म्हणजे किती ? मधल्या सुटींत तीस मुलें रांगेंत उभीं असतात; एका मुलास अर्ध्या मिनिटापेक्षां अधिक वेळ लागूं नये, असें लिहिलें म्हणजे तें मोजतां येतें, आणि प्रोग्राम तयार झाल्यावर घड्याळ लावून पडताळतांहि येतें. 'सुरक्षित' म्हणजे कोणापासून ? एका मुलानें कोणतीं पुस्तकें नेलीं हें दुसऱ्या मुलास दिसूं नये, असें स्पष्ट सांगावें. मात्र वेग, गुप्तता, किती माणसें एकदम काम करतील, या गोष्टी प्रसंगाच्या गोष्टींत कोंबूं नयेत. त्यांची यादी निराळी करून प्रसंगाच्या सोबत जोडावी.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : प्रत्येक पायरीपाशीं थांबून 'आणि तसें न झालें तर ?' असें विचारावें. लंडन शहरांत १९९२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस रुग्णवाहिका पाठविण्याची नवी संगणक-व्यवस्था सुरू झाली. कोणती गाडी कोठें आहे व ती मोकळी आहे कीं नाहीं, याची माहिती संगणकाकडे जवळजवळ परिपूर्ण असेल, या भरंवशावर ती रचना उभी होती. प्रत्यक्षांत माहिती अपुरी व चुकीची येऊं लागली. मग एकाच ठिकाणीं दोन गाड्या जाऊं लागल्या, जवळची गाडी सोडून दूरची निघूं लागली, उशीर झालेले लोक पुनःपुन्हां फोन करूं लागले, आणि अपवादांच्या सूचनांचा असा ढीग पडला कीं, त्यांत नवी हांक दिसेनाशी झाली. दुसऱ्याच दिवशीं बरेंचसें काम पुन्हां माणसांच्या हातीं द्यावें लागलें, व ४ नोव्हेंबरला तर ती व्यवस्था पूर्णपणें बंद पडली. पुढें चौकशी होऊन १९९३ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अपयशाचीं कारणें अनेक होतीं; घाई हें एक, अपुरी परीक्षा व अपुरें शिक्षण हें दुसरें. परंतु आपल्या विषयापुरता बोध एवढाच कीं, सरळ वाट रंगविणाऱ्यानें आडवाटांचा पुरा विचार केला नव्हता.

आडवाट लिहितांना एक दक्षता घ्यावी. तिची अट यंत्रणेस किंवा तें चालविणाऱ्यास ओळखतां येईल अशी असावी. 'विद्यार्थी पुस्तक परत करावयास विसरला' हें संगणकास कसें कळणार ? विसरला कीं आजारी पडला, हें त्याच्या मनाबाहेरचें आहे. 'परतीची तारीख उलटून गेली' एवढेंच त्यास कळतें. म्हणून तेवढेंच लिहावें.

या नियमांस अनुसरून दहावीच्या विद्यार्थ्यांनीं व आम्हीं मिळून जो प्रसंग पुन्हां लिहिला, तो नमुन्यादाखल येथें देतों.

प्रसंगाचें नांव : पुस्तक घरीं नेणें.
मुख्य कर्ता : विद्यार्थी, त्याच्या वतीनें संगणक चालविणारा ग्रंथपाल.
इतर हितसंबंधी : मुख्याध्यापक (पुस्तकें हरवूं नयेत), पालक (न समजणारा दंड येऊं नये).
पूर्वअट : ग्रंथपालाची ओळख संगणकास पटलेली आहे.
सफल शेवट : पुस्तक विद्यार्थ्याच्या नांवावर चढलें आहे व परतीची तारीख त्यास ठाऊक आहे.
किमान हमी : काम मध्येंच थांबलें तरी कोणाच्याहि नांवावर चुकून पुस्तक चढत नाहीं.

सरळ वाट :
१. विद्यार्थी ओळखपत्र व हवें तें पुस्तक ग्रंथपालाच्या हातीं देतो.
२. ग्रंथपाल विद्यार्थ्याचा क्रमांक संगणकास सांगतो.
३. संगणक विद्यार्थ्याचें नांव व त्याच्याकडे असलेलीं पुस्तकें दाखवितो.
४. ग्रंथपाल नव्या पुस्तकाचा दाखल क्रमांक सांगतो.
५. संगणक पुस्तक विद्यार्थ्याच्या नांवावर नोंदवितो व परतीची तारीख दाखवितो.
६. ग्रंथपाल पुस्तकावर तारखेचा शिक्का मारून तें विद्यार्थ्यास देतो.

आडवाटा :
१अ. ओळखपत्र जवळ नाहीं : ग्रंथपाल नांव व इयत्ता सांगतो, संगणक क्रमांक शोधून देतो, पुढें पायरी ३.
३अ. ठरलेल्या संख्येइतकीं पुस्तकें आधींच घरीं आहेत : संगणक तसें दाखवितो, एखादें परत आल्यावर पुढें पायरी ४.
३आ. दंड बाकी आहे : संगणक रक्कम दाखवितो, ग्रंथपाल विद्यार्थ्यास कारण विचारून तें नोंदवितो, नंतर ग्रंथपाल पायरी ४ कडे जातो, किंवा पुस्तक न देतां प्रसंग संपवून मुख्याध्यापकांस कळवितो.
४अ. दाखल क्रमांक संगणकास सांपडत नाहीं : ग्रंथपाल पुस्तक बाजूस ठेवून तसें नोंदवितो, विद्यार्थी दुसरें पुस्तक निवडतो.
कोणत्याहि पायरीवर वीज गेली : ग्रंथपाल वहींत नोंद करून पुस्तक देतो, वीज आल्यावर ती नोंद संगणकांत चढवितो.

हा कागद वाचावयास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. ग्रंथपालबाई तो वाचून "येथें चुकलें" असें सांगूं शकतात. प्रोग्राम लिहिणारा तोच वाचून काम करूं शकतो. आणि काम झाल्यावर प्रत्येक वाट चालून पाहून प्रोग्रामची परीक्षाहि घेतां येते. एक कागद तिघांच्या उपयोगीं पडतो, हीच या पद्धतीची थोरवी.

आतां वर सांगितलेली ३आ ही आडवाट आमच्या कागदांत कशी आली तें सांगितलें पाहिजे. दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरांत पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी शिरलें. भांडींकुंडीं वाहून गेलीं, त्यांतच ग्रंथालयाचें एक पुस्तकहि गेलें. संगणक दररोज एक रुपया याप्रमाणें दंड मोजीत राहिला. जानेवारींत तो मुलगा विज्ञानाच्या सरावाचें पुस्तक मागावयास आला, तेव्हां दंड दीडशें रुपयांच्या वर गेला होता. वहीचे दिवस असते तर बाईंनीं त्याच्या तोंडाकडे पाहून विचारपूस केली असती व पुस्तक त्याच्या हातीं ठेविलें असतें. परंतु संगणकाच्या पडद्यावर कारण लिहावयास जागाच नव्हती. बाईंनीं तीनदां प्रयत्न केला. तिन्ही वेळां तेंच उत्तर. "बाई, राहूं द्या," असें म्हणून मुलगा निघून गेला, तो पुन्हां ग्रंथालयांत आला नाहीं. पूर्वपरीक्षेंत त्याचे गुण उतरलेले पाहून आम्हीं त्यास विचारलें, "अरे, अभ्यासाचें पुस्तक कां नेलें नाहींस ?" तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, संगणकानें नाहीं म्हटलें."

आम्हीं आपल्या माजी विद्यार्थ्यास फोन केला. तो नम्रपणें म्हणाला, "सर, आपण लिहून दिलेंत तेंच मीं केलें. दंड बाकी असल्यास पुस्तक दिलें जाऊं नये, असें आपलें वाक्य आहे." खरेंच होतें. 'नाहीं' म्हणणारा संगणक नव्हता, आम्हीच होतों. आम्हीं एक कर्ता नसलेलें वाक्य लिहिलें, त्यापुढें 'पण' लिहावयाचें विसरलों, आणि त्या विसरण्याचा भार ज्यास सर्वांत कमी सोसवेल अशा मुलाच्या माथीं पडला. मुख्याध्यापकांनीं दंड माफ केला, मुलास पुस्तक मिळालें, आडवाट लिहिली गेली. परंतु मध्यंतरीं गेलेले आठवडे परत देण्याची सोय कोणत्याहि प्रोग्रामांत नसते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. त्याचा विचार करतां आम्हांस असें वाटतें कीं, सरळ वाट ही नव्व्याण्णव मेंढरांची वाट आहे. तीं कळपानें जातात व सुखरूप पोंचतात. शंभरावें मेंढरूं आडवाटेवर असतें. ओळखपत्र हरवलेला, आडनांव निराळें लिहिलें गेलेला, घर पाण्यांत बुडालेला, अंगठ्याचा ठसा कष्टानें पुसला गेलेला, असे जे लोक ते सारे उपयोग-प्रसंगाच्या आडवाटांतच भेटतात. ज्या लेखकानें आडवाट लिहिली नाहीं, त्यानें त्या माणसास दाराबाहेर ठेविलें. आणि हें त्यानें दुष्टपणानें केलें नाहीं, नुसत्या आळसानें केलें, एवढ्यानें बाहेर राहिलेल्याचें दुःख कमी होत नाहीं.

आजकाल पद्धती पुष्कळ निघाल्या आहेत. कित्येक ठिकाणीं लहानशा कार्डावर एका वाक्यांत गरज लिहून बाकीचें तोंडीं बोलून ठरवितात. प्रोग्राम लिहिण्याचें कामहि कांहीं अंशीं संगणकच करूं लागला आहे. परंतु 'कोणास काय हवें आहे' व 'तसें न झालें तर काय' हे दोन प्रश्न कोणत्याहि पद्धतींत चुकत नाहींत. उलट, प्रोग्राम जितका लवकर तयार होईल तितकी आपल्या वाक्यांतील चूक लवकर दूरवर पोंचेल. म्हणून वाक्य लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक अभ्यास करा. एस. टी. चें तिकीट काढणें, वसतिगृहांतून सुटीची परवानगी घेणें, रेशनच्या दुकानांतून धान्य आणणें, यांपैकीं एक प्रसंग निवडा. सरळ वाट पांचसात वाक्यांत कर्तरि प्रयोगानें लिहा. मग प्रत्येक पायरीपाशीं थांबून 'आणि तसें न झालें तर ?' हा प्रश्न विचारा. शेवटीं तो कागद घेऊन त्या तिकिटाच्या खिडकीपाशीं, त्या रांगेपाशीं जा, आणि ज्याचें काम अडलें आहे अशा एखाद्या मनुष्यास आदरानें विचारा कीं, तुमची वाट या कागदांत आहे काय ? नसेल तर घरीं येऊन ती लिहा. ती लिहून झाली म्हणजेच आपला उपयोग-प्रसंग पुरा झाला असें समजावें.